खासगी का सरकारी

वरच्या फ्लॅटमध्ये आता आयटीतली दोन मुलं राहतात. बेल वाजवली की ती लगेच दार उघडतात आणि मीच दचकतो. त्या दारामागून आधी चपलांची फरफट ऐकू यावी, मग सगळं चिडीचूप व्हावं, आणि मग दबक्या आवाजात तो प्रश्न यावा, अशी माझ्या कानांना सवय लागली आहे.

"कोन हाय? खासगी का सरकारी?"

"खासगी, आत्या. मी खालचा."

मग साखळी निघायची, कडी निघायची, आणि दाराला एका डोळ्यापुरती फट पडायची. मी एकटाच आहे, माझ्या मागे खाकी काही नाही, याची खात्री झाली की दार पूर्ण उघडायचं. पोस्टमन सरकारी, गॅस सिलेंडरवाला खासगी. वीजबिलाचं रीडिंग घेणाऱ्याला त्यांनी एकदा अर्धा तास बाहेर उभं केलं होतं, कारण तो स्वतःच नक्की सांगू शकला नाही.

सगळी बिल्डिंग त्यांना आत्याच म्हणायची. तसं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "मावशी नगं, काकू नगं. आत्या म्हना." का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

विश्रांतवाडीतला माझा हा वरचा फ्लॅट बघायला त्या आल्या तेव्हा सत्तरीच्या असतील. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. नळ सोडून बघितला, खिडकीतून रस्ता कुठवर दिसतो ते बघितलं, जिना एकच आहे का ते दोनदा विचारलं. बोलणं अस्सल हडपसरचं, म्हणजे हडपसर गाव होतं तेव्हाचं. मला वाटलं, शेतकरी घरातली सरळ बाई आहे, भाडं वेळेवर येईल, डोक्याला ताप नाही. मग करार करायची वेळ आली आणि त्यांनी कापडी पिशवीतून परदेशी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"मी इंग्लंडची हाय," त्या म्हणाल्या. मी फुरसुंगीची हाय, असं एखादीने म्हणावं तसं.

मी भित्रा माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो. चौकात वाहतूक पोलिसाने हात केला की हेल्मेट डोक्यावर असतानाही माझा हात ते आहे की नाही बघायला वर जातो. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाने लगेच पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं, आणि त्या दुपारी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अहो, बाई पिठलं कसं करायचं ते सांगत होत्या मला. काय बॉम्ब ठेवणार आहेत?" पण कायद्याला पिठल्याचं काय.

त्यांची हकीकत साधी होती. लग्न झालं तेव्हा नवरा इंग्लंडमध्ये लोखंडाच्या कारखान्यात होता. या मागोमाग गेल्या, तिथल्या एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धूत निवृत्त झाल्या. मूलबाळ नाही. "तिकडं समद्यांनी त्यो पासपोर्ट घ्येतला, म्हनून आमीबी घ्येतला." नवरा गेला, तेव्हा तिथलं भाड्याचं घर सोडलं आणि उरलेलं आयुष्य पुण्यात काढायचं म्हणून परत आल्या. पण आपल्याच गावात आता त्या पाहुण्या होत्या. दर वर्षी मुक्कामाची मुदत वाढवून घ्यावी लागायची. नाही वाढली, तर जायचं.

ती मुदत त्यांच्या स्वयंपाकघरात दिसायची. शिक्का नवा असताना डबे काठोकाठ असत, डाळ पाच-पाच किलो. मुदत सरत आली की डबे उतरत जायचे. शेवटच्या महिन्यात तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी, चहाची पुडी, आणि मीठ आमच्याकडून वाटीत. लोणचं त्यांनी कधी घातलं नाही. "त्याला मुरायला टाइम लागतो, वैनी. तवर मी आसन का?" असं त्या माझ्या बायकोला अगदी हिशेबी आवाजात विचारायच्या. त्यांनी कपाट घेतलं नाही. पडद्यांच्या जागी चादरी, चिमट्यांनी लावलेल्या. दाराशेजारी एक भरलेली बॅग कायम उभी, वर बूट.

मी एकदा विचारलं, "आत्या, समजा गेलात, तर तिकडे राहणार कुठे?"

"तिकडं माजी येक छत्री हाय," त्या म्हणाल्या. "शेजारनीकडं ठेवल्याली. ती बी आता आसंल का न्हाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गावात जायचं तर रिक्षा येरवड्यावरून जाते. आत्या रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला बजावायच्या की जेलसमोरून न्यायची नाही. जेलचा आणि त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मी समजावलं की मुदत संपलेल्या म्हाताऱ्यांना तिथे ठेवत नाहीत. "ठेवत न्हाईत म्हंजे तुमी आत जाऊन बगितलंय व्हय, मालक?" मला त्या मालकच म्हणायच्या, आणि दर वेळी ते ऐकून मला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायचं. रिक्षा लांबून जायची आणि मीटर वाढायचा.

सकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना त्या उत्तरं पाठ करायच्या. नाव, वडलांचं नाव, जन्म कुठला, पत्ता काय, येण्याचा उद्देश काय. उद्देशाशी अडखळायच्या. साहेबाने विचारलं तर काय सांगायचं हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. एकदा मला म्हणाल्या, "राह्यला आले, आसं म्हनलं तर चालंल का? का लई व्हतंय?"

अशी काही वर्षं गेली. दर वर्षी आम्ही दोघं भ्यायचो, दर वर्षी मुदत वाढायची, आणि डबे पुन्हा भरायचे. मग एका वर्षी अर्ज परत आला. आपण किंवा आपले आईवडील मूळचे भारतीय असल्याचा पुरावा जोडा. मुदत संपायला जेमतेम दोन महिने होते.

पुरावा म्हणून त्यांच्याकडे शाळा सोडल्याचा एक दाखला होता, पिवळा पडलेला. जुना भारतीय पासपोर्ट नवऱ्याच्या आजारपणात कुठे गेला ते देव जाणे. दाखल्यावर माहेरचं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव. पण लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव काढलं होतं, आपल्याकडे काढतात तसं. म्हणजे पहिलं नाव बदललं, मधलं नवऱ्याचं आलं, आडनाव सासरचं. दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवले तर तीन शब्दांतला एकही जुळत नव्हता. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण नोंद कुणी केली नव्हती.

मला कुणीतरी एजंट सुचवला. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला त्याचं टेबल होतं. तरुण, केसांना जेल, दोन फोन. "टेन्शन नका घेऊ, मॅडम. होऊन जाईल. पासपोर्ट ठेवून जा."

आत्यांनी पासपोर्ट दिला. त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. त्यांनी खाणं जवळजवळ सोडलं. दिवसातून चार वेळा खाली येऊन विचारायच्या, "मालक, त्याचा फोन आला व्हय?" कागद नसलेल्या माणसाला कुणी रस्त्यात हटकलं तर काय, म्हणून घराबाहेर पडेनात. भीती अशी शेजारच्याला लागते. मीही रोज सकाळी पोलिसांची गाडी आली आहे का ते बघूनच पेपर उचलायला लागलो.

शेवटी आम्ही दुकानात गेलो. एजंट खुशीत होता. "काम झालंच समजा. विवाहाचा एक दाखला करून देतो. दोन्ही नावं त्यात येतील."

"खोटा?" आत्यांनी विचारलं.

"खोटा कशाला, मॅडम. नवीन."

आत्यांनी पासपोर्ट परत मागितला. तो म्हणाला, आत ऑफिसला दिलाय, चार दिवसांनी या. आत्या स्टुलावर बसल्या. पिशवीतून डबा काढला आणि भाकरी खायला लागल्या. भाजी साडीवर सांडत होती, पण उठायचं नाव नाही. गिऱ्हाइकं बघायला लागली. शेवटी एजंटने खणातून पासपोर्ट काढून टेबलावर आपटला. म्हणाला, "परत इकडेच याल." परतीच्या रिक्षात आत्यांनी पासपोर्ट दोन्ही हातांत धरला होता, आणि त्या मला परत परत विचारत होत्या, "आपन चुकलो का, मालक? आता त्यो आपलं नाव कळवंल का?"

मग आम्ही सरळ परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात गेलो. टेबलापलीकडे एक बाई होत्या, थकलेल्या पण सभ्य. त्यांनी आत्यांचं सगळं ऐकून घेतलं. आत्या घाबरून पाठ केलेली उत्तरं विचारायच्या आधीच देत होत्या, वडलांचं नाव दोनदा सांगून झालं होतं.

"आजी," त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही हडपसरच्या आहात हे मला तुम्ही तोंड उघडताच कळलं. माझं आजोळ तिकडचंच. पण बोलणं अपलोड करता येत नाही ना." मग त्यांनीच वाट सांगितली. माहेरचं कुणी हयात आहे का? सख्खा भाऊ? त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं की दाखल्यावरची मुलगी ती हीच बाई, सोबत त्याचे आणि वडलांचे कागद. मग बघता येईल.

मला हायसं वाटलं. आत्यांचा चेहरा मात्र उतरला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण धाकटा भाऊ हडपसरमध्येच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

भावाचं घर म्हणजे जिथे पूर्वी त्यांचा मळा होता तिथली चार मजली इमारत, खाली दुकानं. पुतण्या पांढऱ्या शर्टात, हातात कडं. "या, आत्या," म्हणून वाकून पाया पडला, चहा सांगितला. आबा, म्हणजे आत्यांचे भाऊ, खिडकीशी खुर्चीत बसले होते. अर्धांगाच्या झटक्याने एक बाजू गेलेली, बोलणं जड. ते आत्यांकडे बघत होते. चहा येईपर्यंत सगळं ठीक होतं. मी प्रतिज्ञापत्राचा विषय काढला आणि पुतण्याने कप खाली ठेवला.

"म्हणजे आत्या या घरच्या आहेत, असं आबांनी सरकारला लिहून द्यायचं."

"हो."

"वकिलाला इचारून सांगतो," तो म्हणाला. अगदी नम्रपणे.

वकिलाचं उत्तर दोन दिवसांत आलं. आधी हक्कसोडपत्र, मग प्रतिज्ञापत्र. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा असतो, आणि आपल्याकडे बहिणी तो भावाच्या नावे सोडतात, तशी सही आत्यांची राहिली होती. इतकी वर्षं कुणाला त्याची आठवण नव्हती, कारण आत्याच कुणाला आठवत नव्हत्या. आता त्यांना बहीण म्हणायचं तर आधी त्यांनी जमीन सोडायला हवी होती.

माझं डोकं फिरलं. "आत्या, हडपसरची जमीन आहे ती. त्यावर काय काय उभं राहिलंय बघितलंत ना? भांडा. कोर्टात जा."

"कोर्टात जाऊन मुदत वाढती व्हय?"

"नाही, पण—"

"मंग?"

खरं तर मलाही भांडायचं नव्हतं. मी त्यांच्या वतीने शूर व्हायचा प्रयत्न करत होतो, आणि तो त्यांनी एका शब्दात संपवला.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या दिवशी तुफान गर्दी होती. पुतण्या, वकील, चाकाच्या खुर्चीत आबा, आणि बूट घालून, इस्त्रीची साडी नेसून आत्या. मी मसुदा वाचला तेव्हा लक्षात आलं की वकिलाने एक वाक्य अगदी ठासून लिहिलंय. लिहून देणार यांचं लग्नाआधीचं नाव अमुक, लग्नानंतरचं तमुक, या दोन्ही एकच व्यक्ती असून कैलासवासी फलाण्यांच्या कन्या आहेत. लिहावंच लागणार होतं. ती बहीण नसती तर सोडायला हक्कच नव्हता. आत्यांना त्या घरची मुलगी ठरवायची निकड आता आमच्यापेक्षा पुतण्यालाच जास्त होती.

आमचा नंबर आला. साहेबांनी आत्यांना विचारलं, "आजी, स्वखुशीने करताय ना? कुणाची बळजबरी नाही?" आत्यांनी मान हलवली. मग साहेबांनी आबांकडे बघितलं. "या कोण तुमच्या?"

"वडलांच्या थोरल्या बहीण," पुतण्या म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

आबांचा ओठ हलला. शब्द यायला वेळ लागला. आत्या श्वास रोखून उभ्या होत्या. दारामागे उभ्या राहायच्या तशाच, अगदी हालचाल न करता.

"बहीन," आबा म्हणाले.

आत्यांनी अंगठा दिला, फोटो काढून घेतला, सही केली. त्याच दुपारी प्रतिज्ञापत्र मिळालं. पुतण्या शब्दाला जागला, हे मला मान्य करायला हवं.

सगळं अपलोड केलं आणि वाट बघणं सुरू झालं. मुदत संपायला थोडेच दिवस होते. वर डबे रिकामे होत गेले. एका सकाळी माझ्या फोनवर ईमेल आलं. मुदत वाढली होती. मी तसाच धावत वर गेलो आणि बेल वाजवली.

"कोन हाय? खासगी का सरकारी?"

आनंदात मी म्हणालो, "सरकारी, आत्या!"

आतून आवाज आला नाही. मी थांबलो. हाक मारली, सांगितलं की मुदत वाढली, दार उघडा. काही नाही. मला भीती वाटायला लागली. मग साखळी निघाली, कडी निघाली, दार सताड उघडलं. आत्या बूट घालून उभ्या होत्या. हातात ती बॅग, खांद्याला पिशवी, गॅस बंद केलेला, चादरी उतरवलेल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी घराची किल्ली पुढे केली.

मी त्यांच्या हातातून बॅग घेतली. ती इतकी हलकी होती की मला रडू आलं.

त्यानंतर बरं चाललं. डबे भरले. आमच्या घरी कैऱ्या आल्या तेव्हा आत्या वर घेऊन गेल्या आणि त्यांनी पहिल्यांदा लोणचं घातलं. प्रश्न मात्र बदलला नाही, बॅगही दाराशीच राहिली. आत्या गेल्या त्या अंथरुणात, विश्रांतवाडीत, मुदत शिल्लक असताना. हे त्यांना आवडलं असतं. पण मला आठवतात त्या तेव्हाच्या नाहीत. त्याआधीच्या, लोणच्यानंतरच्या एका दिवसाच्या.

मी वर भाड्याचा चेक घ्यायला गेलो होतो. बेल वाजली. आत्या दाराशी गेल्या, थांबल्या.

"कोन हाय? खासगी का सरकारी?"

"आत्या, मी हाय." पुतण्याचा आवाज.

"त्ये न्हाई इचारलं."

"सरकारीच म्हना," तो ओशाळून म्हणाला.

हक्कसोडपत्रात एक गट नंबर राहून गेला होता. ओढ्यापलीकडचा छोटा तुकडा, वकिलाच्या नजरेतून सुटलेला. चूकदुरुस्तीचा दस्त करायचा होता. त्याने कागद आणले होते. मी मनात म्हटलं, आता तरी नाही म्हणा. मुदत वाढलीय, आता यांची गरज काय?

"येते," आत्या म्हणाल्या. "पन आबाला आना."

"आबांना झेपत न्हाई, आत्या. त्यांच्यासाठी हापिसातला मानूस घरी बोलवू, फी भरली की येतो. तुमी फक्त तिथं—"

"आबा आला तर मी येते."

आबा आले. पुन्हा तेच कार्यालय, तीच गर्दी. साहेब दुसरे होते, पण प्रश्न तोच. "या कोण तुमच्या?" या वेळी पुतण्या बोलला नाही. आबांनी मान वर करायचा प्रयत्न केला. मी आत्यांकडे बघत होतो. दहा वर्षांत मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं, एजंटकडे नाही, कार्यालयात नाही.

"बहीन हाय," आबा म्हणाले. थांबले. तोंडातून लाळ आली ती पुतण्याने पुसली. "थोरली. मला शाळंत... हीच न्यायची."

साहेबांना तेवढं नको होतं, ते पुढच्या कागदाकडे वळले होते. आत्यांनी सही केली. बाहेर आल्यावर आबांची खुर्ची उतारावरून खाली नेईपर्यंत त्या तिच्या दांड्याला धरून चालत होत्या. गाडीत बसवताना आबांचा निकामी हात दारात अडकला, तो त्यांनी उचलून मांडीवर नीट ठेवला.

पुतण्या पाया पडला. "झालं, आत्या. आता तुमाला परत तरास न्हाई."

आत्यांनी गाडीच्या काचेतून आत बघितलं.

"नीट बग की रं," त्या म्हणाल्या. "आनखी येकादा नंबर राह्यला आसंल."